गादीखालचा पोर्टफोलिओ

एप्रिलातल्या त्या रविवारी टिपणिसांकडे सोड्याची खिचडी होती आणि आभाने ती तीन वेळा नको म्हटली होती. म्हणजे तिने ती तीन वेळा घेतली होती. टिपणिसांच्या घरची रीतच होती ती. पहिलं नको म्हणजे वाढ. दुसरं नको म्हणजे वाढ, पण कडेची करपलेली नको, मधली वाढ. तिसरं म्हणजे अर्धा डाव, वर खोबरं, आणि मी नाही म्हणत होते हे लक्षात असू दे. चौथं नको मात्र खरं असे, पण तिथवर पोचलेला माणूस पनवेलच्या लाइन आळीत कोणी पाहिला नव्हता. एखादी गोष्ट हवी आहे असं तोंडाने सांगणं टिपणिसांना भर रस्त्यात पाट मांडून जेवण्याइतकं उघडंवाघडं वाटायचं. त्यामुळे त्या घरात सगळ्यांना सगळं हवं असे, कोणी काही मागत नसे आणि तरीही ज्याचं त्याला मिळे. कारण वाढायला आभाची आई, सुमतीबाई होत्या.

खिचडी वाढून झाल्यावर सुमतीबाईंनी वर्तमानपत्राचा एक कापलेला चौकोन आभाच्या ताटाशेजारी ठेवला. प्रभादेवीच्या एका जाहिरात कंपनीला चित्रकार पाहिजे होता. स्वतःच्या कामाचे नमुने घेऊन समक्ष भेटावे.

"नको," आभा म्हणाली.

"हे कितवं?" सुमतीबाईंनी विचारलं. डाव अजून हातातच होता.

आभाने सांगितलं की पोर्टफोलिओ जुना झालाय, जरा नीट करते आणि मग बघू. हे 'जरा' कॉलेज संपल्यापासून चालू होतं, आणि कॉलेज संपून आठ वर्षं झाली होती. आधी तिला वाटलं होतं, दोन-चार नवी कामं घालावीत आणि मग अर्ज करावा. नवी कामं व्हायची तोवर आधीची आणखी जुनी होत, मग ती काढून टाकावीशी वाटत, आणि ती काढली तर उरणार काय या विचाराने ती पुन्हा आत जात. लोणचं मुरतं. पोर्टफोलिओ मुरत नाही, नुसता शिळा होतो. मधल्या काळात ती घरी मुलांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी स्थिरचित्र शिकवत होती. एक तांब्या, दोन केळी आणि एक चुरगळलेला नॅपकिन. तांब्या आणि नॅपकिन आठ वर्षं तेच होते. केळी तेवढी बदलायची.

"तुझं नको मला कळतं," सुमतीबाई म्हणाल्या. "प्रभादेवीच्या लोकांना कसं कळायचं? एकदा तोंडाने हवंय म्हणून बघ. जीभ नाही झडत."

आभा हसली आणि तिने ताट पुढे केलं, जे तिचं नेहमीचं उत्तर होतं.

जेवणानंतर सुमतीबाईंनी तिच्याकडे तिची ती मऊ काळी पेन्सिल मागितली. सिक्स बी. ही पेन्सिल त्या आठवड्यातून एकदा तरी नेत आणि बोथट करून आणत, तीही टोकाला नव्हे तर एका अंगाने, जसं कोणी चंदनासारखं उगाळलंय. आभा दर वेळी वैतागे. त्या दिवशीही वैतागली, वाण्याची यादी लिहायला सिक्स बी लागत नाही असं म्हणाली. सुमतीबाई बरं म्हणाल्या आणि एका खांद्यावर खळ घातलेली साडी टाकून पेन्सिल घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मग सगळे झोपले. संध्याकाळी चहा झाला, शेवग्याच्या शेंगा निवडून झाल्या, टीव्हीवर काहीतरी लागलं होतं ते सगळ्यांनी पाहिलं. सांगण्यासारखं काहीही झालं नाही.

सोमवारी पहाटे सुमतीबाई गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. टिपणिसांच्या घरात त्यावर फारसं बोलणं झालं नाही, कारण त्या घरातलं बोलणारं माणूसच गेलं होतं.

*

त्यानंतर आभा बारीक होत गेली. आळीतल्या बायका म्हणाल्या, पोरीने फार मनाला लावून घेतलंय. तसं होतंच, पण दुसरंही एक साधं कारण होतं. आता जेवायला तिचे वडील अप्पा वाढत. अप्पा सरळ माणूस. सगळी नोकरी मिठाच्या सरकारी खात्यात झालेली. समोरचा म्हणतो ते खरं धरायचं आणि नोंद करायची, ही त्यांची सवय. ते विचारत, "आणखी भात?" आभा म्हणे, "नको." आणि अप्पा भात आत नेऊन झाकून ठेवत. आभा रिकाम्या ताटाकडे बघत बसे. अप्पांनाही आणखी भात हवा असे, पण त्यांना कोणी विचारतच नसे. अशा रीतीने दोन माणसं एका भरल्या पातेल्याशेजारी अर्धपोटी उठत होती आणि दोघांनाही वाटत होतं की हे दुःख आहे.

उलव्याहून सुके सोडे घेऊन येणारी चंद्रावती महिन्याभराने दारात आली. टोपली उतरवून बसली, डोळे पुसले आणि मग विचारलं, सोडे देऊ का. आभा नको म्हणाली. चंद्रावतीने टोपली उचलली, दोन पायऱ्या उतरली आणि परत वर आली.

"तुजी आई पन नको म्हनायची," ती म्हणाली, "पन तिचा हात टोपलीत असायचा. तुजा हात पन मागं हाय. मंग आमी काय समजायचं?"

आभाचा हात मागेच राहिला. सोडेही टोपलीतच राहिले. चंद्रावती कापड बाजाराकडे निघून गेली.

सप्टेंबर आला. एके सकाळी अप्पांनी वाचून झालेल्या वर्तमानपत्राला नेहमीसारख्या चार घड्या न घालता दोनच घातल्या आणि ते आभाच्या चहाशेजारी ठेवलं. वरच्या बाजूला प्रभादेवीच्या कंपनीची तीच जाहिरात होती. एप्रिलात त्यांना मनासारखं माणूस मिळालेलं दिसत नव्हतं. समक्ष भेटण्याचा शेवटचा दिवस शनिवार. मग अप्पा खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि तुळशीत पाणी जास्त झालंय का ते पाहू लागले.

आभाने ती जाहिरात वाचली आणि तिला राग आला. कोणाचा ते सांगता आलं नसतं. पण तो राग घेऊन ती उठली आणि आतल्या खोलीत जाऊन तिने आईच्या पलंगावरची गादी उचलली.

गादीखाली पोर्टफोलिओ होता. इथे एक खुलासा केला पाहिजे. पोर्टफोलिओ म्हणजे काळ्या रेक्झिनची, दाराच्या फळीएवढी मोठी, तीन बाजूंनी चेन असलेली चपटी बॅग. आत जाड पुठ्ठ्यांवर चिकटवलेली चित्रं. अशी वस्तू लाइन आळीतल्या दोन खोल्यांच्या घरात ठेवायची कुठे, असा प्रश्न आभाने ती कॉलेजातून आणली त्या दिवशीच उभा राहिला होता, आणि सुमतीबाईंनी तो गादीखाली सरकवून मिटवला होता. पुढे त्यांच्या लक्षात आलं की खळ घातलेली सुती साडी नुसती गादीखाली ठेवली तर घडी जरा लाटेसारखी येते, पण त्या पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवली आणि वर माणूस झोपलं तर धोब्याने लाजावं अशी इस्त्री होते. तेव्हापासून पोर्टफोलिओ नोकरीला लागला होता. आभा नव्हती लागली, तो लागला होता. आभाने सुरुवातीला तक्रार केली, तेव्हा सुमतीबाई म्हणाल्या होत्या की तू बाहेर काढ, मी साड्या काढते. दोन्हीपैकी काहीच निघालं नाही.

आता आभाने पोर्टफोलिओ जमिनीवर ठेवला आणि चेनला हात घातला. चेन हलली नाही. एप्रिलपासून कोणी उघडली नव्हती आणि मध्ये पनवेलचा पूर्ण पावसाळा गेला होता. तिने जोर लावला. अप्पांनी पक्कड आणली. पकडीने चेनच्या कडीचा कान तुटून आला आणि चेन होती तिथेच राहिली.

त्या आवाजाने समोरच्या बिऱ्हाडातल्या पद्मजाकाकू आल्या. पद्मजाकाकू या आळीतल्या धर्मशास्त्राचं सर्वोच्च न्यायालय होत्या. कोणत्या दिवशी काय करू नये हे त्यांना इतकं पाठ होतं की काय करावं याकडे वळायला त्यांना सवडच झाली नव्हती. जमिनीवरची काळी बॅग, अप्पांच्या हातातली पक्कड आणि आभाचा चेहरा पाहून त्यांनी आधी काय झालं ते विचारलं, मग शनिवार कुठला ते विचारलं, आणि मग खाली बसल्या.

"अगं, पितृपंधरवडा आहे," त्या म्हणाल्या. "त्यात वर्षही झालेलं नाही. या दिवसांत नवीन काही सुरू करत नाहीत. नवरात्रात कर. घटस्थापनेला कर, मी स्वतः पेढे आणते."

घटस्थापनेपर्यंत ती जागा राहणार नाही, हे आभाने सांगून पाहिलं. काकू म्हणाल्या की जे आपलं असतं ते राहतं. गेल्या वर्षी त्यांच्या भाचीने पितृपंधरवड्यात मिक्सर आणला होता, तो आजतागायत फक्त एकाच नंबरावर फिरतो.

एरवी आभाने इथे 'बघू' म्हटलं असतं. आठ वर्षं ती हा शब्द पायपुसण्यासारखा दारात टाकत आली होती. येईल त्याने पाय पुसावेत आणि परत जावं. पण सकाळपासूनचा तो राग अजून कुठे उतरवून ठेवायला मिळाला नव्हता.

"काकू, नवीन वस्तू घ्यायची नाही, नवीन काम सुरू करायचं नाही, असंच ना?" तिने विचारलं. "मग यात नवीन काय आहे? यातलं सगळं सत्त्याऐंशी सालचं आहे. आत ट्रंककॉलचं पोस्टर आहे. टाइपरायटरच्या रिबिनीच्या खोक्याचं डिझाइन आहे, त्याला बक्षीससुद्धा आहे. मी स्वतः एकतीस वर्षांची आहे. याच्यापेक्षा जुनं या घरात फक्त अप्पांचं घड्याळ असेल."

पद्मजाकाकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. आळीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच होत होतं. सर्वोच्च न्यायालयाने थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग निकाल दिला की असं असेल तर हरकत दिसत नाही, कारण जुन्याला दोष लागत नाही. आणि एकदा निकाल दिल्यावर त्या स्वतःच कामाला लागल्या, हे मात्र आभाच्या हिशोबात नव्हतं.

कारण मुद्दा निघाला चेनचा. पोर्टफोलिओ जुना, हे ठीक. पण चेन नवी बसवली तर ती या पंधरवड्यात घेतलेली नवी वस्तू झाली, आणि मग सगळ्यालाच दोष. तेव्हा चेनही जुनी पाहिजे. काकू घरी जाऊन एक होल्डॉल, मुलाचं शाळेचं दप्तर आणि आपल्या यजमानांची एक पँट घेऊन आल्या. पँटचे मालक त्या वेळी दुपारची झोप घेत होते आणि पुढचे दोन दिवस ते ती शोधत होते.

हा सगळा ऐवज, शिवाय पोर्टफोलिओ, असं घेऊन आभा आणि पद्मजाकाकू कापड बाजाराच्या तोंडाशी बसणाऱ्या बॅग दुरुस्तीवाल्या भगवानकडे गेल्या. रस्त्याने पोर्टफोलिओ आडवा धरला तर समोरचे थांबत आणि उभा धरला तर आभाला समोरचं दिसत नसे. ओळखीच्यांनी चौकशा केल्या. एकाने विचारलं, कॅरम विकायला काढलात का. भगवानने होल्डॉल पाहिला, दप्तर पाहिलं, पँटकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि नवी चेन दाखवली. काकूंनी त्याला पितृपंधरवडा समजावून सांगितला. भगवानने तो ऐकून घेतला आणि म्हणाला की चेन जुनी लावा की नवी, आधी ही कापून काढावी लागेल. ब्लेड मारतो, दोन मिनिटांचं काम आहे.

आभा म्हणाली, घरी विचारून येते.

अप्पा पलंगावर बसले होते. गादी अजून उचललेलीच होती आणि ते नुसत्या फळ्यांवर बसले होते. आभाला तेव्हा आठवलं की एप्रिलपासून ते आईच्या या पलंगावर झोपत होते आणि स्वतःचा पलंग त्यांनी पाहुण्यांसाठी म्हणून रिकामा ठेवला होता. पाहुणे कोणी आले नव्हते. तिने भगवानचं म्हणणं सांगितलं.

"कापायचं नाही," अप्पा म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं की त्याशिवाय ते उघडणार नाही.

"तिने बंद केलंय," अप्पा म्हणाले. "तसंच राहू दे. वर्ष होऊ दे." आणि जाहिरात आपणच वर करून ठेवली होती हे आठवून ते गडबडले, आणि तुळस बघायला निघून गेले.

पोर्टफोलिओ घेऊन जायचा, पण कापायचा नाही. अर्ज करायचा, पण नवीन काही घ्यायचं नाही. याच सुमारास तळमजल्यावरच्या इंद्रजीतने तिला थांबवलं. इंद्रजीत बावीस वर्षांचा होता आणि त्याच्याकडे एक कॉम्प्युटर होता. त्यासाठी त्याने वेगळी खोली केली होती, तिथे चपला काढून जावं लागे. कॉम्प्युटरवर त्याच्या आईने शिवलेला झालरीचा अभ्रा होता आणि तो काढताना इंद्रजीतचा चेहरा गाभाऱ्यातल्या गुरवासारखा होई. त्याला सगळी हकिगत आधीच कळली होती. तो म्हणाला, ताई, हाताने आता कोण काढतं. प्रभादेवीला सगळं मशिनवर चालतं. तुम्ही गेलात की ते पहिलं विचारणार, कॉम्प्युटरवर चित्र काढायचं ते कोरल येतं का. सहा महिन्यांचा कोर्स करा माझ्याकडे, मग जा ताठ मानेने. आत्ता गेलात तर हसं होईल.

हसं होईल हे आभाला पटलं. ती रात्रभर त्या पटण्यापाशी पडून होती. पद्मजाकाकूंची वेळ होती नवरात्र, इंद्रजीतची कोर्सनंतर, अप्पांची वर्ष झाल्यावर आणि तिची स्वतःची सगळं नीट झाल्यावर. म्हणजे योग्य वेळ आहे याबद्दल सर्वांचं एकमत होतं. ती आत्ता नाही, एवढंच. आणि हे सगळं सांगणाऱ्यांत एकही माणूस असं नव्हतं की ज्याने विचारावं, हे तुझं कितवं नको?

शनिवारी सकाळी तिने पोहे केले. अप्पांनी विचारलं, आणखी घेणार का. आभा सवयीने नको म्हणाली आणि अप्पांनी पातेलं उचललं. ते आत पोचायच्या आत ती उठली, बंद पोर्टफोलिओ काखेत मारला, आणि म्हणाली, "मी जाऊन येते."

"बंदच नेणार?" अप्पांनी पातेल्यासकट विचारलं.

"बंदच."

अप्पांनी पातेलं खाली ठेवलं. गादीला बांधायची नाडी आणली आणि पोर्टफोलिओला धरायला नीट मूठ येईल अशी ती दोन्हीकडून बांधून दिली. मिठाच्या पोत्यांना मारतात तशी गाठ होती. जिना उतरेपर्यंत ते दारात उभे होते.

*

दादरच्या एसटीत चढताना कंडक्टरने विचारलं, "बाई, हे दार कोणाचं?" आणि टपावर टाका म्हणाला. आभाने टाकलं नाही. तो म्हणाला की मग उभं राहावं लागेल. ती उभी राहिली. कळंबोलीपाशी न्हावा शेव्याचे ट्रेलर एकामागे एक असे उभे होते की पुढचा कंटेनर कुठल्या देशाचा आहे हे वाचण्यापलीकडे कोणाला काही काम उरलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, ताई, ती खिडकी उघडा की, वारा येईल. सगळी गाडी हसली. शेजारच्या गृहस्थांनी हसता हसता पोर्टफोलिओच्या वरच्या कडेवर आपली शेंगदाण्यांची पुडी टेकवली आणि वाशीपर्यंत टेबलासारखा त्याचा उपयोग केला. आभाला हे अपमानास्पद वाटलं. पण टिपणिसांच्या घरात अपमानही मागून घेत नाहीत आणि परतही करत नाहीत. ती फक्त ताठ उभी राहिली. इतकी, की मानखुर्दला त्याच गृहस्थांनी उठून तिला जागा दिली आणि शेंगदाणेही देऊ केले.

"नको," ती म्हणाली. त्यांनी पुडी खिशात ठेवली.

प्रभादेवीच्या कंपनीत कूलरची हवा होती आणि बाकावर पाच-सहा मुलं बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर हातभर लांबीची, चकचकीत फाइल. कोणाकडेही दार नव्हतं. शिपायाने चहा विचारला. आभा तीन तास पाण्याशिवाय प्रवास करून आली होती, तरी ती नको म्हणाली, आणि शिपाई बाकीच्यांचे कप घेऊन आला. तिने ते सगळे रिकामे होताना पाहिले.

आत मिताली नावाची बाई होती, आभाहून थोडी लहानच. केस बारीक कापलेले, टेबलावर पेन्सिलींचा पेला आणि कोपऱ्यात अभ्रा नसलेला कॉम्प्युटर. ती चांगली वागली. बसा म्हणाली, पनवेलहून आलात का म्हणाली, दाखवा ना म्हणाली. आभाने सांगितलं की चेन अडकली आहे.

"म्हणजे तुम्ही बंद पोर्टफोलिओ घेऊन आलात?"

"हो."

"का पण?"

"आज शेवटचा दिवस आहे."

मितालीने तिच्याकडे जरा नीट पाहिलं. मग खणातून कटर काढला आणि म्हणाली, कापू या, काय त्यात.

"कापायचं नाही," आभा म्हणाली. आवाज अप्पांचा निघाला.

मिताली घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. आभाने वाकून चेन पुन्हा पाहिली. पितळेचे दात हिरवट पडले होते. पण कडीच्या दोन्ही बाजूंना थोड्या अंतरापर्यंत ते काळेभोर होते आणि चमकत होते. इतके दिवस तिला तो मळ वाटला होता. तिने बोट फिरवलं, बोट काळं झालं. हा काळा रंग तिच्या ओळखीचा होता. हजार वेळा तिने तो तळहाताच्या कडेवरून धुऊन काढला होता.

तिने मान वर करून टेबलावरच्या पेल्याकडे पाहिलं.

"सिक्स बी आहे का?" तिने विचारलं.

होती. आभाने ती आडवी धरली आणि चेनच्या दातांवर एका अंगाने घासू लागली, चंदनासारखी. पेन्सिल तशीच झिजत गेली जशी दर आठवड्याला झिजून परत यायची. वाण्याची यादी लिहायला सिक्स बी लागत नाही, असं ती त्या रविवारी म्हणाली होती. आणि आईने नुसतं बरं म्हटलं होतं, आणि आत जाऊन चेनला शिसं चोळलं होतं. कडीचा कान तुटलेला होता म्हणून तिने अप्पांच्या नाडीचं टोक कडीच्या भोकात ओवलं आणि हलकेच ओढलं. चेन सुरकन तिन्ही बाजूंनी फिरून गेली, जणू काल रात्रीच बंद केली होती.

वर साडी होती. पांढरी सुती, निळ्या काठांची, खळीने ताठ झालेली. पाच महिने अप्पा तिच्यावर झोपले होते, आणि तिच्या घडीवर बोट कापेल अशी धार होती.

आभाने दोन्ही हातांनी साडी उचलून मांडीवर ठेवली आणि पुठ्ठे टेबलावर मांडले. ट्रंककॉलचं पोस्टर पाहून मितालीला हसू आलं आणि तिने ते लपवलं नाही. टाइपरायटरच्या रिबिनीचं खोकं तिने हातात घेतलं, हाताने काढलेली अक्षरं जवळून पाहिली, आणि मग त्याच्या पुठ्ठ्यावरून तिरका गेलेला निळा पट्टा पाहत राहिली. पट्ट्यात काठाची नक्षी बारीक उमटली होती.

"हे सुंदर आहे," ती म्हणाली. "हे मुद्दाम केलंत?"

"ते मी नाही केलं. साडी ओली असताना ठेवली होती, तिचा रंग लागलाय."

"कोणी ठेवली?"

आभाने मांडीवरच्या साडीची घडी सरळ केली. मितालीने पुठ्ठे एकावर एक नीट रचले. हात चांगला आहे तुमचा, ती म्हणाली, आणि ती खरंच तसं म्हणत होती. पण हे सगळं फार जुनं आहे. सहा महिने घ्या, थोडी नवी कामं करा, कॉम्प्युटर बघा, आणि मग निवांत या.

"तुम्हाला घाई नाही ना?" तिने विचारलं.

नाही, काही घाई नाही, हे वाक्य आभाच्या तोंडात तयार होतं. ते तिच्या दातांपर्यंत आलंही. समोर मिताली सौजन्याने वाट पाहत होती. ती भली होती, पण तिच्या हातात डाव नव्हता. ती ऐकेल तेच खरं धरेल, मान हलवेल आणि बाहेरच्या मुलाला आत बोलवेल.

"घाई आहे," आभा म्हणाली. "ही साडी माझ्या आईची आहे. माझी आई एप्रिलमध्ये गेली. काम जुनं आहे ते मला दिसतंय. नवीन मी इथे करीन. कॉम्प्युटर येत नाही, तो शिकेन. मला ही नोकरी हवी आहे."

बोलून झाल्यावर ती क्षणभर थांबली. जीभ जागेवर होती.

"आणि मघाशी मी चहा नको म्हटलं," ती म्हणाली. "तोही हवा आहे."